ऊब लागली की सांगा

लोक काश्मीरला जातात, केरळला जातात आणि परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना बसवून फोटो दाखवतात. मी पोशीरला जाऊन आले. फोटो एकच आहे. त्यात माझी नणंद पडवीतल्या खाटेवर उताणी झोपलीय, तिच्या पोटावर आल्याच्या चकत्या मांडल्यात आणि त्या चकत्यांवरून धूर निघतोय. आमच्या सांगलीच्या गल्लीत हा फोटो दाखवला तेव्हा एकीनं विचारलं, "काय हो, ही कसली रेसिपी?"

रेसिपी नव्हे बायांनो! तो चिनी उपचार आहे, त्याला मोक्सा म्हणतात. एका रानटी झाडाचा पाला वाळवून, कुटून, पेटवून त्याची धग अंगावरच्या ठरावीक जागांना द्यायची. आणि तो मी चीनमध्ये नाही, कर्जत तालुक्यात बघितला, नेरळच्या पलीकडं, भाताच्या खाचरांच्या मधोमध. आता सगळं पहिल्यापासून सांगते, कारण हा प्रवास मैलांनी मोजला तर एवढासा आहे, पण मी उभ्या जन्मात असा प्रवास केलेला नाही.

मोहोपाडा

माझी नणंद सुमन, म्हणजे आमच्या वन्सं, मोहोपाड्याला राहतात. भावोजी रसायनीच्या एका कारखान्यात होते, रिटायर झाल्यावर तिथंच फ्लॅट घेतला. सांगलीत वारा फिरला की साखर कारखान्याच्या मळीचा वास येतो. मोहोपाड्यात वारा फिरला की कशाचा वास येतो ते भावोजींनाच माहीत. ते खिडकीत उभे राहून नाकानं ओळखतात आणि म्हणतात, "हा आपला नव्हे, पलीकडच्या प्लांटचा." वर मोठ्या अभिमानानं मान हलवतात.

वन्संना छातीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, निम्मे डोस पार पडले आणि एका संध्याकाळी भावोजींचा फोन आला. "वहिनी, ही म्हणते पुढचा डोस घ्यायचा नाही. डॉक्टर म्हणतात, मध्येच सोडलंत तर आजवरचं सगळं पाण्यात जाईल. मी सांगून थकलो. तुम्ही या." भावोजींचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी शिवणाचा क्लास बंद ठेवला, बायकांचे अर्धवट ब्लाऊज कपाटात कोंबले आणि निघाले.

इथं माझ्या नणंदेबद्दल चार शब्द सांगायलाच हवेत. नणंद म्हटलं की डोळ्यापुढं काय येतं? आमटीत मीठ कमी, भाकरी जाड, साडी भडक. माझ्या नशिबी नेमकी उलटी नणंद आली. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या बाईनं माझ्या कशालाही म्हणून नाव ठेवलं नाही. करपलेली आमटी खाऊन "खमंग झालीय हो वहिनी" म्हणणार. मी शिवलेला ब्लाऊज काखेत काचत असला तरी "अगदी बेतशीर बसलाय" म्हणणार. भिडस्तपणालाही काही सुमार असतो!

मी पोचले तर डोक्याला रुमाल बांधलेल्या, निम्म्या झालेल्या वन्सं दारात हसत उभ्या.

"कसं वाटतंय?"

"छान."

"जेवण जातं का?"

"छान जातं."

मागं भावोजी दोन्ही हातांनी 'काही नाही, काही नाही' अशा खुणा करत होते.

"मग डोस का नको म्हणता?"

"पुरे झालं आता, वहिनी. उगाच सगळ्यांना त्रास."

या 'छान'वर डोकं आपटून काही होणार नाही हे मला माहीत होतं. तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगीतल्या बाईंनी शकूताईंचं नाव काढलं. शकूताई म्हणजे त्यांची मावसबहीण. बरीच वर्षं सिंगापूरच्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या. तिथल्या एका म्हाताऱ्या चिनी डॉक्टरीणबाईंकडं सुट्टीच्या दिवशी जाऊन हा मोक्सा शिकल्या, आणि आता माहेरच्या गावी, पोशीरला, पडवीत खाट टाकून देतात. केमोच्या पेशंटना मळमळ आणि थकव्याला त्याचा उपयोग होतो, असं त्या बाईंचं म्हणणं. मी वन्संच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "करून बघा. काहींना बरं वाटतं. छातीठोक सांगावं एवढा पुरावा मात्र नाही. खांद्याखाली औषधासाठी डबी बसवलीय, तिच्या आसपास नको, कुठंही भाजायचं नाही, ताप आला तर तडक हॉस्पिटल. आणि डोस चुकवायचा नाही." मी म्हटलं, हे बरं झालं, माणूस सरळ बोलला.

मग वन्संना म्हटलं, "डोसाचं नंतर बघू. आधी माझ्याबरोबर पोशीरला चला." त्या काय म्हणणार? "छान कल्पना आहे," म्हणाल्या.

चौकातून कर्जतकडं

भावोजींनी गाडी काढली. चौक मागं पडला आणि मी खिडकीला नाक लावून बसले. आमच्याकडं नजर टाकावी तिकडं ऊस, सपाट. इथं जरा मान वळवली की डोंगर! इर्शाळगडाचा सुळका काय, माथेरानचा लांबच लांब माथा काय, वर कुणी करवतीनं कापल्यासारखा सरळ. भात कापून झालेलं, खाचरांत नुसती धसकटं, आणि त्या धसकटांतून हिरवागार वाल उगवलेला. वर पाऊस नाही, पाटाचं पाणी नाही, भाताच्या राहिलेल्या ओलीवर आलेलं पीक. मी "अगं बाई!" "अगं बाई!" असं इतक्यांदा म्हटलं की भावोजी म्हणाले, "वहिनी, सांगलीला डोंगरच नाहीत का?" मधूनमधून फार्महाऊसच्या पाट्या येत होत्या, 'निसर्गाच्या कुशीत' आणि खाली फोन नंबर. प्रत्येक पाटीवर तोच धबधबा.

कर्जतला मी गाडी थांबवायला लावली. कर्जतवरून जाऊन वडा खायचा नाही म्हणजे कोल्हापूरला जाऊन देवीला न भेटण्यासारखं. गरम वडापाव, वर मिरची, पुडक्यासकट गाडीत घेऊन आले आणि मोठ्या उत्साहानं वन्संच्या नाकाखाली धरला. "वास बघा, वन्सं!"

"छान आहे हो वास," त्या म्हणाल्या, दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला बसून भडाभडा ओकल्या.

मी पाण्याची बाटली घेऊन धावले. पाठ चोळत राहिले. चूळ भरता भरता त्या काय म्हणाव्यात? "तुम्ही खा हं वहिनी, गार होईल." तो वडा मी तसाच पुडक्यात गुंडाळून ठेवला. खरं सांगते, मला तेव्हा भीती वाटली. या बाईला हे असं दर डोसाला होतंय, रोज होतंय, आणि ही 'छान' म्हणत म्हणत एक दिवस आमच्या हातातून निसटून जाईल.

पोशीर

नेरळकडून आत वळलं की नव्या इमारतींचं रान विरळ होत जातं आणि पोशीर येतं. शकूताईंचं घर पुढून कौलारू, मागून स्लॅबचं, अंगणात पेंढ्याची उडवी. शकूताई स्वतः उंच, काळ्यासावळ्या, नऊवारीसारखी खोचलेली पाचवारी आणि पायात पांढरे नर्सचे बूट. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्या सांगलीकर का? बोलन्यावरनं कळलं. आत या गं."

पहिल्यांदा त्यांनी हात धुतले. मग आम्हाला धुवायला लावले. मग वन्संचे कागद वाचले, रक्ताचे रिपोर्ट बघितले, ताप बघितला. आणि मग म्हणाल्या, "आदीच सांगते. कॅन्सर बरा करते असं मी बोलले, तर मला गावाबाहेर काढा. तो डॉक्टरचा धंदा हाय. मळमळ कमी व्हावी, झोप लागावी, दोन घास जावे, एवढ्यापुरतंच माजं हे. कधी होतं, कधी नाय होत."

काडेपेटीएवढ्या डब्यातून त्यांनी कापसासारखं काहीतरी काढलं. पिवळट, मऊ, बोटांत धरलं तर जाणवेना. हा झाडाचा पाला! नागदवणा. आपण चैत्रात देवाला दवणा वाहतो ना, त्याचा रानटी भाऊ. चिनी लोक तो वर्षानुवर्षं मुरवतात, कुटतात, चाळतात, मग त्याचा असा लोकर-कापूस होतो. त्याचीच सिगारसारखी कांडी वळतात. शकूताईंनी कांडी पेटवली, ज्योत विझवली, टोकाशी लालबुंद निखारा राहिला आणि धूर सुटला.

भावोजींनी नाक वर केलं. दोनदा हुंगलं. मग जरा घुटमळत म्हणाले, "हा वास मला ओळखीचा वाटतोय. नाशिकच्या कुंभमेळ्यात एका साधूच्या तंबूत..."

"गांजा!" शकूताई खदाखदा हसल्या. "सगळे तेच बोलतात. आमचा पोलीस पाटील एकदा कुंपणाबाहेर उबा राहून वास घेत होता. मी म्हनाले, आत ये रं, तुज्या गुडघ्याला लावते. आता दर आठवड्याला येतो."

वन्संना वास सहन होईना म्हणून खाट पडवीच्या कडेला, वाऱ्याला सरकवली. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या अंगाला, अशी एक जागा असते. पोटाची मळमळ शांत करायची ती जागा म्हणे. शकूताईंनी कांडी तिथं धरली, अंगाला न टेकवता, वीतभर नाही पण बोट-दोन बोटं लांब. आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्या जागेच्या दोन्ही बाजूंना टेकवून ठेवली. मी विचारलं, बोटं कशाला? तर म्हणाल्या, "माज्या बोटाला चटका बसला की मला कळतं, यांचं कातडं किती तापलंय. बोट आदी माजं भाजलं पायजे." बोटं बघितली तर टोकांना जाड, पिवळी झालेली.

"ऊब लागली की सांगा."

"लागली. छान लागतेय," वन्सं म्हणाल्या.

मग पोटावर आल्याच्या चकत्या. आल्याला टाचणीनं भोकं पाडायची, वर त्या कापसाची सुपारीएवढी गोळी ठेवायची, पेटवायची. आलं शिजत आल्यासारखा वास सुटला. भूक लागावी असा तो वास! मी इतकी हरखले की तो फोटो तेव्हाच काढला. वन्संना तिथंच झोप लागली, घोरायलाही लागल्या. भावोजींनी कित्येक दिवसांत त्यांना घोरताना ऐकलं नव्हतं. ते बिचारे अंगणात जाऊन उभे राहिले, डोळे पुसत. मग आम्हाला काही दिवस शकूताईंकडंच ठेवायचं ठरवून गाडी घेऊन परत गेले.

संध्याकाळी शकूताईंनी तांदळाची पेज दिली, पातळ, वर भाजलेल्या जिऱ्याची चिमूट. आमच्याकडं आजाऱ्याला ज्वारीची कण्हेरी, इथं तांदूळ. वन्संनी अर्धी वाटी पेज घेतली आणि ती पोटात राहिली. "छान आहे," म्हणाल्या. मी म्हटलं, बाई गं, या वेळी तरी खरं असू दे.

डाग

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीबाय आली. ही ठाकरवाडीतली, वर डोंगराच्या पायथ्याला राहते, रानातलं काहीबाही आणि वालाच्या शेंगा घेऊन खाली उतरते. पाटी ठेवून उकिडवी बसली आणि वन्संच्या गुडघ्यापाशी चाललेला खटाटोप बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डाग कंदी देनार?"

"डाग नाय देत भागीबाय. नुसती धग."

भागीबायनं सरळ लुगडं जरा बाजूला करून पोट दाखवलं. बेंबीच्या भोवती जुने, चकाकते वण. लहानपणी पोट दुखलं तेव्हा तापलेल्या विळ्यानं दिलेले. "डाग उठला नाय, त आजार जानार कसा? वाटच नाय त्याला."

शकूताई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ऐकलंत? कॅन्सर परवडला, पन हे नाय. गावातली अर्धी लोकं मला बोलतात, शकू, सिंगापूरला जाऊन काय शिकलीस, जरा टेकव ना!"

वन्संनी मान हलवली. "बरोबर आहे तुमचं," त्या भागीबायला म्हणाल्या. मग शकूताईंकडं वळून, "तुमचंही बरोबर आहे." मी कपाळाला हात लावला.

त्याच दुपारी एक गंमत झाली, म्हणजे मला आधी ती गंमतच वाटली. वन्सं अंगणातून पडवीत आल्या, एका पायात चप्पल, एक पाय मोकळा. चप्पल मागं उंबऱ्याशी पडलेली. मी हसत सुटले, "वन्सं, नवरी लाजून पळाल्यासारख्या काय आलात!" त्यांनी खाली बघितलं आणि त्याही हसल्या. शकूताई मात्र हसल्या नाहीत.

"आज पायाला लावूया," त्या म्हणाल्या. "झोपा, सुमनताई. डोळे मिटा. ऊब लागली की सांगा."

मी शेजारीच स्टुलावर बसले होते. वन्संनी डोळे मिटले. शकूताई त्यांच्या तळव्यांपाशी बसल्या. पण कांडी त्यांच्या हातात नव्हती. ती बाजूला वाळूच्या वाडग्यात तशीच खोचलेली होती, पेटवलेलीसुद्धा नव्हती. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी मला बोटानं गप्प केलं.

"लागली का?"

"हो, हो, लागली."

"जास्त लागतेय का?"

"नाही हो, अगदी बेतशीर. छान वाटतंय पायांना."

शकूताईंनी टाचणीची गोल बाजू तळव्यावर दाबली. काही नाही. घोट्यापर्यंत काही नाही. गुडघ्यापाशी दाबली तेव्हा कुठं वन्संनी पाय हलवला.

"उघडा डोळे," शकूताई म्हणाल्या आणि वाडग्यातली कोरी कांडी समोर धरली.

मग मला जे झालं ते मी आवरू शकले नाही. मी ओरडले. "वन्सं, काय हे? पाय कधीपासून बधिर आहेत? डॉक्टरांना सांगितलंत? भावोजींना तरी?" वन्सं रुमालाचं टोक चाळवत म्हणाल्या, "या बाई एवढ्या लांबून कांड्या मागवतात. एवढं मन लावून करतात. त्यांना कसं म्हणू, लागत नाही म्हणून?"

"आणि डॉक्टरांना?"

"त्यांच्यामागं किती पेशंट, वहिनी. दाराबाहेर रांग असते. ते विचारतात, काही त्रास? मी म्हणते, नाही, छान. माझ्या पायांचं काय घेऊन बसायचं? ओकारीचंही नाही सांगितलं." मग एखादा साधा हिशेब सांगावा तसं म्हणाल्या, "म्हणून म्हटलं, बंदच करावं. म्हणजे कुणाला काही सांगायला नको."

ऐकलंत? तक्रार करायला नको म्हणून ही बाई औषध सोडायला निघाली होती! जीव गेला तरी चालेल, पण कुणाला आपला त्रास व्हायला नको. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी रडले. वन्सं माझीच समजूत घालायला लागल्या, "असू दे हो, असू दे."

शकूताई उठल्या. "सुमन, आता तुमीबिमी बस झालं, तू. ऐक. ह्या पायांना मी कांडी लावनार नाय. भाजून फोड आला तरी तुला कळनार नाय, आनि केमोत जखम म्हंजे खेळ नाय. गुडघ्याला, पोटाला करते. पन पायाचं तुज्या डॉक्टरला सांगायला पायजे. औषदानं होतं हे. ते डोस कमी करतात, औषद बदलतात, त्यांच्याकडं उपाय हाय. मी फोन लावते, तू बोल."

"नको, नको. एवढ्या मोठ्या माणसाला फोन कशाला?"

"बरं, मीच सांगते त्यांना."

"नको हो!" वन्संनी चक्क हात जोडले.

शकूताईंनी फोन खाली ठेवला. "तिच्या तोंडून निघायला पायजे," त्या मला आत नेऊन म्हणाल्या. "आज आपन सांगू, पुडच्या डोसाला कोन सांगनार? पन जायच्या दिवसापर्यंत नाय बोलली, त मी सांगनारच." मला पटलं, पण चैन पडेना. डोस तोंडावर आलेला होता.

पोपटी

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या संध्याकाळी शकूताईंनी पोपटी लावायची ठरवली. सांगलीकरांनो, तुमचा हुरडा असेल थोर, मला मान्य आहे, पण पोपटी खाल्ली नसेल तर मान खाली घाला! मातीचं मडकं घ्यायचं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला. हे इथलं रानटी झुडूप, वास असा उग्र-गोड की नाकात बसून राहतो. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी. मध्ये मध्ये ओवा आणि जाडं मीठ. वरून पुन्हा भांबुर्डा ठासून भरायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. मडकं अंगणात उलटं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या लावून पेटवायचं.

भांबुर्डा भागीबायनं आणला, मडकं तिनंच रचलं. मीठ टाकायचं काम माझ्याकडं आलं. वन्संच्या केमोनं हळव्या झालेल्या तोंडाला झोंबेल या भीतीनं मी हात आखडता घेतला.

सूर्य माथेरानमागं गेला आणि जाळ पेटला. मी लहान पोरीसारखी मडक्याभोवती फिरत होते. वन्सं लांब खुर्चीवर, शाल पांघरून. वाऱ्यानं धूर त्यांच्याकडं गेला तसं मला वाटलं, आता कर्जतसारखं होणार. मी बादली घेऊन निघालेसुद्धा. पण वन्सं खुर्चीतून जरा पुढं झुकल्या होत्या, नाक वर करून, अगदी भावोजींसारख्या.

"वहिनी, कशाचा वास हो हा?"

"पाल्याचा. त्रास होतोय?"

"नाही. भूक लागल्यासारखं वाटतंय."

मी बादली तिथंच ठेवून दिली. भागीबायनं ओंजळीतून मडक्यावर पाणी शिंपडलं, चर्रकन आवाज झाला, पाणी क्षणात उडून गेलं. "झाली," ती म्हणाली. मडकं केळीच्या पानावर उलटं केलं आणि वाफेचा लोट उठला. काय सांगू तुम्हाला! शेंगांची सालं मऊ पडलेली, आतले दाणे लोण्यासारखे, बटाट्याला धुराची चव. आम्ही फुंकर घालत, बोटं पोळत खात होतो. "काय झालीय!" मी म्हटलं. "एक नंबर," शकूताई म्हणाल्या. भागीबाय नुसती मान हलवत होती.

वन्संनी शेंग सोलली. बोटं नीट चालत नव्हती, वेळ लागला. दाणे तोंडात टाकले, चावले. दुसरी शेंग सोलली. मग त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. अशी आठी मी त्या कपाळावर कधी पाहिली नव्हती.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय."

आमचे सगळ्यांचे हात शेंगांवरच थांबले.

मी पुन्हा एक दाणा खाल्ला. आणि आई शप्पथ, मीठ खरंच कमी होतं! चांगलंच कमी होतं. शकूताईंना कळलं होतं, भागीबायला कळलं होतं, आणि दोघी पाहुणीचं मन राखायला मिटक्या मारत बसल्या होत्या. शकूताईंच्या तोंडावरून ते साफ दिसत होतं. त्या आणि मी एकमेकींकडं बघून अशा हसत सुटलो की भागीबाय घाबरली. वन्संनी तोंडावर हात ठेवला. "अय्या, वहिनी, रागावलात का?"

"रागावले? अहो, जन्मात पहिल्यांदा माझी नणंद झालात!" मी त्यांना मिठी मारली, काळ्या हातांनी, त्यांची पांढरी शाल खराब झाली. "चव लागतेय तुम्हाला? खरंच लागतेय?"

"थोडी थोडी. म्हणून तर कळलं."

शकूताईंनी मिठाची वाटी आणून वन्संच्या पुढ्यात ठेवली. "बघ. बोललीस, तर मीठ आलं. न बोलता बसली असतीस तर आळनीच खाल्लं असतंस. डॉक्टरचं पन तसंच हाय गं, बाय."

वन्संनी चिमूटभर मीठ घेतलं, शेंगेवर टाकलं आणि खात राहिल्या.

परत

दुसऱ्या दिवशी भावोजी न्यायला आले. शकूताईंनी आम्हाला गेटपर्यंत सोडलं, माझ्या पिशवीत वालाच्या शेंगा कोंबल्या. डॉक्टरला फोन करायचा विषय त्यांनी काढला तसं वन्सं म्हणाल्या, "मी प्रत्यक्षच बोलेन. डोसाला जायचंच आहे ना." भावोजींनी किल्ली लावता लावता हात तसाच धरून ठेवला. डोसाला जायचंच आहे! मी त्यांना कोपरानं ढोसलं, चला म्हटलं, गाडी काढा, मन बदलायच्या आत.

लोक मला विचारतात, त्या चिनी धुरानं गुण आला का? मी प्रामाणिकपणे सांगते, मला माहीत नाही. झोप लागली ती मी बघितली, पेज पोटात राहिली ती मी बघितली. मोक्सानं किती, पोशीरच्या हवेनं किती, शकूताईंच्या दटावणीनं किती, हे कुणी वेगळं काढून दाखवावं. पायांना अजून पुरती जाणीव आलेली नाही. पण डॉक्टरांनी एक औषध बदललं, ओकारीची गोळी बदलली, आणि उरलेले सगळे डोस वन्संनी घेतले. शेवटच्या डोसानंतर त्यांनी मला सांगलीला फोन करून माझ्या मागच्या दिवाळीच्या चकल्या कडक होत्या हेही कळवलं.

मला मात्र त्या दिवशीचं हॉस्पिटल आठवतं. बाहेर रांग होती, खरंच मोठी होती. आमचा नंबर आला. मी आणि भावोजी मागं भिंतीशी उभे. डॉक्टरांनी कागदांवरून मान न उचलता नेहमीचा प्रश्न विचारला, "कसं आहे? काही त्रास?"

वन्संच्या ओठांवर ते 'छान' आलेलं मी बघितलं. अगदी आलं होतं. त्यांनी मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी चिमटीनं हवेत मीठ टाकल्यासारखं केलं.

त्या पुढं वळल्या, खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली, चप्पल काढून दोन्ही पाय डॉक्टरांना दिसतील असे पुढं केले आणि म्हणाल्या, "आहे. तो पेन जरा खाली ठेवा, डॉक्टर. सांगते."